मृग आणि महाविद्यालय

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि महाविद्यालयेही त्याच वेळी उघडू लागतात. उमरीकडील शेतकऱ्याच्या मुलास हा योग अडचणीचाच. बियाणे व फी ही दोन्ही बापाच्या एकाच कनवटीतून निघावयाची. पाऊस रुसून दुबार पेरणी आली, म्हणजे पुस्तके मागण्यास जीभ उचलत नाही. पहाटे तिफणीमागे चालावे, दुपारी बाभळीखाली कोणा वरच्या वर्गातील मित्राच्या जुन्या पुस्तकांस पुठ्ठे घालावे, रात्री गणिते सोडवीत बसावे, असे दिवस आम्हीही काढले आहेत. झोप फार येई, हे कबूल केले पाहिजे.

तथापि आमच्या आजोबांच्या काळी यापुढची वाट अधिक लांब होती. हैदराबाद संस्थानात नांदेडास महाविद्यालयच नव्हते. पेरणी आटोपून ट्रंक भरावी व उमरी स्टेशनावरून हैदराबादची आगगाडी धरावी. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालेले, शिक्षण उर्दूतून. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना तेथून काढण्यात आले, तेव्हा त्यांतील कित्येकांनी नागपूर गाठले.

१९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. आता उमरीचा मुलगा सकाळच्या गाडीने जातो आणि दिवस मावळण्यापूर्वी परतला, तर कोळपणीस हातही लावतो.