न मावलेला आकडा

एखाद्या जुन्या स्कूटरचा अंतरमापक तुम्ही पाहिला आहे काय? त्यात अंकांची पाच चाके असतात. ९९,९९९ किलोमीटर झाले, की पुढच्या किलोमीटरला पाचही चाके फिरून ००,००० वर येतात. म्हणून स्कूटर नवी झाली असे कोणी समजत नाही. कारण आकडा वाचणारा माणूस असतो आणि स्कूटरची अवस्था त्याला दिसत असते. पण आकडा वाचणारेही यंत्रच असेल तर?

विमाने व अग्निबाण बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांत असे कितीतरी अभियंते असतात, की ज्यांच्या हातात ना पाना असतो ना पत्रा. ते संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, लिहितात. त्यांच्या कामात एवढी काळजी का घ्यावी लागते, हे एका खऱ्या घटनेवरून समजून घेऊ.

संगणकाची घरे

आपण दहा अंक वापरतो. संगणक ० आणि १ असे दोनच वापरतो. हे अंक ठेवण्यासाठी ठराविक घरे असतात. एका घरात दोन शक्यता, दोन घरांत चार, तीन घरांत आठ. अशा रीतीने सोळा घरांत २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ शक्यता होतात. त्यांतील निम्म्या ऋण संख्यांसाठी राखून ठेवल्या, तर सोळा घरांत −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचेच पूर्णांक मावतात. ३२,७६८ ला तेथे जागा नाही!

३७ सेकंदांचे उड्डाण

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधल्या कुरू येथील तळावरून युरोपचा ‘आरियान-५’ हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच झेपावला. त्यात ‘क्लस्टर’ मालिकेतील चार वैज्ञानिक उपग्रह होते. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंद सारे सुरळीत होते. मग सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण एकाएकी वळला, त्याचे तुकडे झाले आणि त्याचा स्फोट झाला. सुदैवाने त्यात माणूस नव्हता. पण अनेक वर्षांचे श्रम क्षणात गेले.

फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लियोंस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याचा शोध घेतला. ना इंजिन बिघडले होते, ना इंधन गळले होते. एक आकडा सोळा घरांत मावला नव्हता, एवढेच!

अग्निबाण कोठे आहे व कोणत्या दिशेला झुकला आहे, हे सांगणारे एक दिशादर्शक उपकरण त्यात होते. त्याची आज्ञावली आधीच्या ‘आरियान-४’ साठी लिहिलेली होती. ती वर्षानुवर्षे उत्तम चालली होती, म्हणून तशीच घेतली गेली. तिच्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली एक राशी चौसष्ट घरांतून सोळा घरांत उतरवून घेतली जाई. ‘आरियान-४’ च्या उड्डाणात ही राशी कधीच मर्यादेबाहेर जात नसे. परंतु ‘आरियान-५’ चा आडवा वेग त्याच्या पाचपट झपाट्याने वाढत होता. आकडा ३२,७६७ च्या पलीकडे गेला.

येथे तुम्ही विचाराल, की असे होऊ शकते हे कोणाला सुचले नव्हते काय? सुचले होते. अशा सात राशी अभियंत्यांनी तपासल्या होत्या. संगणकावर कामाचा फार बोजा पडू नये, म्हणून त्यांतील चारच राशींना संरक्षण देऊन तीन तशाच सोडल्या. त्या मर्यादेत राहतील असे गणित होते. गणित बरोबरच होते, पण ते जुन्या अग्निबाणाचे होते.

आणखी एक गोष्ट पाहा. आज्ञावलीचा हा भाग उड्डाणापूर्वी उपकरण जुळवून घेण्यासाठी होता. उलटगणना ऐनवेळी थांबली तर पुन्हा पाऊण तास खोळंबा नको, म्हणून तो उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवण्याची सोय पूर्वी केलेली होती. ‘आरियान-५’ ला तिची गरजच नव्हती. ज्याचे काम संपले होते, त्यानेच घात केला!

दोन उपकरणे, एक चूक

एक उपकरण बिघडले तर दुसरे असावे, म्हणून अग्निबाणात अशी दोन उपकरणे होती. पण दोन्हींत आज्ञावली एकच. राखीव उपकरण आधी बंद पडले आणि लगेच मुख्य उपकरणही. आकडा मावला नाही हे उपकरणाने ओळखले होते. परंतु असे काही झाल्यास ‘भाग खराब झाला’ असे मानून थांबायचे, अशीच त्याला आज्ञा होती. थांबताना त्याने बिघाडाची नोंद पाठविली. मुख्य संगणकाने ती नोंदच उड्डाणाची माहिती समजून इंजिनांची तोंडे पूर्ण वळवली.

शेजारच्या मुलाच्या वहीतून उत्तर उतरवून घेतले, तर त्या उत्तराने तुमच्या उत्तराची पडताळणी होते काय? तसेच हे. खिळा गंजतो, तार तुटते. दोन तारा एकाच क्षणी तुटणे अवघड. पण आज्ञावली गंजत नाही. तिच्यातील चूक प्रत्येक प्रतीत तीच असते. म्हणूनच अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये (१९८१ ते २०११) पाच संगणक होते. चारांवर एकच आज्ञावली चाले. पाचव्यासाठी मात्र दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी वेगळी आज्ञावली लिहिली होती.

अभियंत्याचा दिवस

यावरून कळेल, की या अभियंत्याचा बराच वेळ आज्ञावली लिहिण्यात नव्हे, तर तपासण्यात जातो. विमानांतील आज्ञावल्यांसाठी ‘डीओ-१७८सी’ नावाची नियमावली आहे. चुकीमुळे किती अनर्थ होईल, यावरून तिच्यात ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच पायऱ्या आहेत. ‘ए’ पायरीवर चूक म्हणजे विमानाचाच घात. तेथे एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे लागते आणि प्रत्येक अट स्वतंत्रपणे निर्णय बदलते, हे दाखवावे लागते.

समजा, इंजिनाचा रेटा उलटा वळविण्यासाठी दोन अटी आहेत : ‘चाकांवर भार आहे’ आणि ‘वैमानिकाने दांडा ओढला आहे’. दोन्ही खऱ्या असताना रेटा वळला, एवढे पाहून भागत नाही. पहिली खोटी असताना वळत नाही आणि दुसरी खोटी असतानाही वळत नाही, हेही पाहावे लागते. म्हणजे किमान तीन चाचण्या.

अशा तपासणीने प्राण वाचतात. २०१५ साली बोइंग-७८७ विमानाच्या वीजजनित्रांच्या नियंत्रकांत एक चूक प्रयोगशाळेतच सापडली. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर आतील मोजणीचा आकडा भरून जाऊन सारी जनित्रे एकदम बंद पडू शकत होती. त्याआधी वीज बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला. २४८ च का? एकतीस घरांत २,१४,७४,८३,६४८ शक्यता असतात. मोजणी सेकंदाच्या शतांश भागाने होत असेल, तर याला १०० ने भागून मिळालेल्या सेकंदांचे दिवस करा. उत्तर साडेअठ्ठेचाळीस आणि दोनशे, म्हणजे सुमारे २४८.५५ दिवस येते. हिशेब जुळला!

‘आरियान-५’ सुधारला गेला. २०२१ मध्ये त्यानेच जेम्स वेब दुर्बीण अवकाशात नेली आणि २०२३ मध्ये तो निवृत्त झाला. तेच उपग्रहही पुन्हा बांधून २००० साली दुसऱ्या अग्निबाणांनी सोडण्यात आले.

करून पाहा

१. वरील मोजणी सेकंदाच्या सहस्रांश भागाने होत असती, तर आकडा किती दिवसांत भरला असता?

२. ‘अ खरे आणि (ब किंवा क खरे)’ या नियमात प्रत्येक अट स्वतंत्रपणे निर्णय बदलते, हे दाखवायला आठपैकी किमान किती चाचण्या लागतील? कोष्टक मांडा.

(उत्तरे : १. सुमारे २५ दिवस. २. चार.)