अपडेटनंतर क्रोममध्ये पान विचित्र दिसतंय? या, एकेक पायरी करून बघू

काल रात्री सगळं छान होतं. सकाळी क्रोम अपडेट झालं, आणि आता पान खाली सरकवलं की काळे चौकोन उमटतात, मेनूतली अक्षरं लुकलुकतात, व्हिडिओच्या जागी नुसता हिरवा रंग दिसतो. घाबरू नका. बहुतेक वेळा हे घरच्या घरी सुटतं. फक्त क्रोम काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. तुमच्याकडे विंडोज ११ आहे असं धरून चालू. प्रत्येक पायरीनंतर तेच पान पुन्हा बघा, आणि नीट दिसलं तर तिथेच थांबा. दोन पायऱ्या एकदम केल्यात तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

१. अर्धवट राहिलेला फॉर्म किंवा मेल आधी पूर्ण करा. पुढे पान बंद होणार आहे, मग लिहिलेलं परत मिळेलच असं नाही.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून उघडे असलेले सगळे टॅब बुकमार्क करा. फोल्डरला आजची तारीख द्या, म्हणजे नंतर शोधाशोध नको.

३. बिघाड डोळ्यांसमोर असतानाच विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनची कळही दाबावी लागते.

४. पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जाऊन तो फोटो उघडा. क्रोममध्ये मात्र उघडू नका, नाहीतर काहीच कळणार नाही. फोटोतही काळे चौकोन दिसले तर गडबड कॉम्प्युटरच्या आत आहे. फोटो स्वच्छ असेल तर आधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. तरीही फरक नसेल तर पुढे या.

५. उजवीकडे वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून सगळ्यात खालचं एक्झिट निवडा. नुसत्या फुलीवर जाऊ नका, क्रोम मागे चालू राहू शकतं.

६. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाऊन नको, रीस्टार्टच. शट डाऊन केल्यावर विंडोज बऱ्याचदा स्वतःचा काही भाग जपून ठेवतं, आणि बिघाडही त्याबरोबर तसाच राहू शकतो.

७. बिघडलेलं पान उघडून कंट्रोल आणि शून्य दाबा. आकार पुन्हा शंभर टक्के होतो. शून्याऐवजी ओ दाबलंत तर फाइल उघडायची चौकट येईल. आली तर कॅन्सल करा.

८. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबा. पान जुना साठा न वापरता नव्याने येतं.

९. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकीत तेच पान बघा. इथे लॉगिन पुन्हा करावं लागेल. पान नीट दिसलं तर दहावी पायरी करा. इथेही बिघडलेलंच दिसलं तर थेट तेराव्या पायरीवर जा.

१०. जिगसॉच्या तुकड्यासारख्या चिन्हावर क्लिक करून मॅनेज एक्स्टेन्शन्स उघडा.

११. सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा, मग एकेक चालू करत पान बघत जा. ज्याने पान पुन्हा बिघडेल तोच चोर. रिमूव्ह दाबू नका, त्यातली तुमची सेटिंग्जही जातील.

१२. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून फक्त साठवलेली चित्रं आणि फाइल्स पुसा. इथे हात सावकाश चालू द्या! कुकीजवर खूण राहिली तर बहुतेक साइटवरून लॉगआऊट व्हाल, पासवर्डवर राहिली तर साठवलेले पासवर्ड जातील. एकेक खूण डोळ्यांनी तपासा, मगच बटण दाबा.

१३. सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशनची कळ बंद करा. मला विचाराल तर काळे चौकोन आणि लुकलुकणं यांवर सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडते ती हीच पायरी.

१४. तिथेच आलेलं रीलाँच बटण दाबा. हे विसरलात तर बदल लागूच होत नाही, आणि उपाय वाया गेला असं उगाच वाटतं. पान स्वच्छ झालं? वा! तरी इथे मात्र थांबू नका. आता चित्र काढायचं काम मुख्य प्रोसेसरवर आलंय. मोठा व्हिडिओ लावलात की लॅपटॉप तापेल, पंखा घुरघुरेल. पुढच्या दोन पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१५. विंडोज अपडेटमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स उघडून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर असेल तर टाका. लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा. फुकट ड्रायव्हर देणाऱ्या जाहिरातींकडे ढुंकूनही बघू नका.

१६. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून तेराव्या पायरीतली कळ पुन्हा चालू करा, आणि रीलाँच दाबा. चौकोन परत आले तर ती बंद करून ठेवा. क्रोमचं पुढचं अपडेट आलं की पुन्हा चालू करून बघा.

१७. बाकी सगळं ठीक, पण काही साइटवर मराठी जोडाक्षरंच सुटी किंवा चौकटींसारखी दिसतायत? मग सेटिंग्जमधल्या अपिअरन्समध्ये कस्टमाइझ फॉन्ट्स उघडून स्टँडर्ड फॉन्ट म्हणून निर्मला यूआय निवडा. आधीच्या फॉन्टचं नाव कागदावर लिहून ठेवा. ज्या साइटने स्वतःचा फॉन्ट ठरवलेला असतो, तिथे याने फरक पडणार नाही.

१८. तीन टिंबांतल्या हेल्पमधून अबाऊट गूगल क्रोम उघडा. नुसतं उघडलं तरी क्रोम नवी दुरुस्ती शोधायला लागतं. जुनी आवृत्ती मात्र कुठूनतरी शोधून टाकू नका, तिच्यात सुरक्षेची बुजवलेली भोकं पुन्हा उघडी असतात.

१९. एवढं करूनही बिघाड तसाच असेल तर ऑल्ट, शिफ्ट आणि आय दाबून क्रोमला कळवा, आणि काय केल्यावर काय दिसतं ते दोन ओळींत लिहा. सोबत पडद्याचा फोटो जातो, म्हणून बँकेचं पान समोर असेल तर आधी दुसरं बिघडलेलं पान उघडा.