फाइलचं नाव रुक्षच बरं

वाचनालयातल्या स्कॅन केलेल्या जुन्या मासिकांचा डेटाबेस विंडोजच्या कॉम्प्युटरवरून लिनक्स सर्व्हरवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. मायएसक्यूएलमधल्या नोंदी सुखरूप आल्या, पण त्यांतल्या लिंका उघडेनात.

बहुतेकांचं कारण लगेच कळलं. आधीच्या मंडळींनी प्रत्येक नोंदीत थेट डी ड्राइव्हपासूनचा पत्ता भरला होता. लिनक्सला डी ड्राइव्ह ठाऊक नाही आणि बॅकस्लॅश तिथे नावातलंच एक अक्षर ठरतं. शिवाय कॅपिटल-स्मॉलचा फरक विंडोज चालवून घेतं, लिनक्स घेत नाही. टेबलांच्या नावांचंही तेच. 'लोअर केस टेबल नेम्स' हे सेटिंग विंडोजवर 1 असतं, लिनक्सवर 0, आणि 8.0 आवृत्तीपासून ते सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावं लागतं. त्यामुळे टेबलांची नावं पहिल्यापासून स्मॉलमध्येच ठेवा.

खरा घोळ मराठी नावांनी घातला. 'कऱ्हाड' नावाची फाइल समोर दिसतेय, नोंदीतही तेच नाव, तरी सापडत नाही! बाइट उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. नोंदीत 'ऱ' हे एकसंध चिन्ह, फाइलच्या नावात मात्र साधा 'र' आणि वेगळा नुक्ता. फाइली मधे एका जुन्या मॅकवर ठेवल्या होत्या आणि त्याची एचएफएस प्लस पद्धत अशी अक्षरं फोडूनच साठवते. एनएफसी या युनिकोडच्या एकसंध रूपात आणल्यावर ही दोन नावं जुळली. पण कुणी 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह वापरून तेच अक्षर टाइप केलं असेल, तर एनएफसीचा उपयोग नाही. ते स्वतःच शोधून बदलावं लागतं.

लांबीचाही फटका बसतो. लिनक्सच्या ईएक्सटी4 फाइल सिस्टिमवर नावाला 255 बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं. काना-मात्रा धरून 85 चिन्हांत नाव संपलं! विंडोजवर याहून लांब नाव निमूट चालतं.

म्हणून डिस्कवर फाइलला नोंद क्रमांकाचंच नाव द्या, 004217 असं. सुंदर मराठी शीर्षक डेटाबेसच्या रकान्यात शोभतं. पत्ता मूळ फोल्डरच्या पुढचा तेवढाच भरा, सरळ स्लॅश देऊन. तो विंडोजलाही चालतो. मूळ फोल्डर कुठे आहे, हे एकाच सेटिंगमध्ये लिहा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटांवर विसंबू नका, ते लिनक्सवर कुठेच नेत नाहीत. आणि प्रत्येक नोंदीची फाइल नव्या सर्व्हरवर खरोखर उघडते का, हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट चालवल्याशिवाय जुना कॉम्प्युटर कुणाला फॉरमॅट करू देऊ नका.