पिशवी समोरून दिसली का?



वस्तीतली एक सून सोनोग्राफीचा कागद घेऊन आमच्याकडे आली. तीन वेळा गर्भ पडलेला. कागदावर शेरा होता, ‘बायकॉर्नुएट, म्हणजे दोन शिंगांची पिशवी, असण्याची शक्यता’. घरात मात्र ‘दोष हिच्यातच’ असे ठरूनही गेले होते. त्या ‘शक्यता’ शब्दाकडे कोणी पाहिलेच नव्हते.

साधी सोनोग्राफी पिशवीचे काप दाखवते, पेरू कापून पाहावा तसे. पण पिशवी पोटात अशी कललेली असते की समोरचा काप बहुतेक वेळा मिळत नाही. थ्रीडी सोनोग्राफीत मशीन एकापाठोपाठ अनेक काप साठवते आणि नंतर त्यातून हवा तो काप काढून देते. थ्रीडी म्हटले की आपल्याला पोटातल्या बाळाचा चेहरा आठवतो. इथे त्याचा संबंध नाही. ही तपासणी दिवस गेलेले नसताना करायची.

समोरून पिशवीची आतली पोकळी उलट्या त्रिकोणासारखी दिसते. ती दुभंगलेली दिसली, तर पिशवीची वरची, बाहेरची कड पाहायची. कड सलग असून आतच भिंत उतरली असेल तर तो पडदा. कडेलाच खोल खाच असेल तर दोन शिंगांची पिशवी. साध्या सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसू शकतात, उपचार मात्र वेगळे. पडदा दुर्बिणीने, पोटाला चिरा न देता कापता येतो. दोन शिंगांच्या पिशवीत तसेच कापायला गेले तर पिशवीला भोक पडू शकते. पडदा कापला म्हणजे मूल होईलच असे नाही; आणि पडदा असूनही कित्येकींची बाळंतपणे नीट होतात. ही घडण बाई स्वतः आईच्या पोटात असतानाची. सुनेने काय खाल्ले, काय उचलले, याने पडदा येत नाही.

तांबी बसवल्यावर दुखणे थांबत नसेल, तर तिचा हात भिंतीत रुतला आहे का, तेही याच चित्रात कळते.

सरसकट सगळ्यांना ही तपासणी लागत नाही. लागली तर ती बहुधा खालून होते, म्हणून लघवी करून जावे. शरीरसंबंध आलेला नसेल तर आधीच सांगावे. पाळीच्या पंधराव्या दिवसानंतर अस्तर जाड असते, चित्र स्पष्ट येते. यात एक्स-रे नसतो. डॉक्टर पुरुष असतील तर सोबत बाई हवी म्हणावे, तो आपला हक्क आहे. जुने कागद न्यावेत आणि ‘वरची बाहेरची कड दिसली का?’ असे सरळ विचारावे.

त्या सुनेला पडदा निघाला. पुढचे ती आणि तिचे डॉक्टर ठरवत आहेत.