फॉर्म सोपा आहे, हे कोणी ठरवायचं?

गेल्या वर्षी सहलीसाठी मी एक ऑनलाइन फॉर्म तयार केला. मला तो अगदी सोपा वाटत होता. एका विद्यार्थ्याची आई शाळेत आल्या होत्या, म्हटलं, "ताई, इथंच भरून टाका." जन्मतारखेवर बोट ठेवलं तर चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं. मुलगा दहा वर्षांचा. म्हणजे मागे जायचा बाण जवळजवळ १२० वेळा दाबायचा! वर लिहिलेल्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी येते, हे मला माहीत होतं. तिथं मात्र तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. दहा-बारा वेळा बाण दाबून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "सर, मला नाही जमत. आमचं शिक्षण कमी ना."

फॉर्म माझा चुकला होता आणि कमीपणा त्यांनी स्वतःकडे घेतला. डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वस्तूंच्या रचनेवरच्या १९८८ च्या पुस्तकात हेच दाखवलं आहे. वस्तू वापरता आली नाही की माणूस स्वतःला दोष देतो, दोष बहुतेक वेळा रचनेत असतो.

संकेतस्थळ वापरायला किती सोपं आहे, याला वापरसुलभता म्हणतात. ती तपासायची कशी? "कसं वाटलं?" असं विचारून उपयोग नाही. समोर मास्तर असल्यावर "छान आहे" हेच उत्तर येणार. त्याऐवजी एक खरं काम द्यायचं आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत ते करायला सांगायचं. काम सांगताना बटणावरचाच शब्द वापरायचा नाही. 'नोंदणी' असं बटण असेल तर "मुलाचं नाव सहलीला घालायचंय" असं म्हणायचं. नाहीतर माणूस फक्त तो शब्द शोधतो. मग आपण गप्प बसायचं. आपल्याला, शिक्षकांना, हेच सगळ्यात अवघड! मूल अडलं की आपली जीभ आधी चालते. पण इथं ते अडणं हीच आपली माहिती आहे.

यासाठी फार माणसंही लागत नाहीत. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात. दुसऱ्याच्या बऱ्याच अडचणी त्याच असतात, थोड्याच नव्या. पाच जणांपर्यंत आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. मात्र ही सरासरी आहे, आणि पाचही जण स्टाफरूममधले घेतले तर काहीच कळणार नाही. ज्यांना फॉर्म भरायचाय तेच हवेत. आजी-आजोबाही भरणार असतील तर त्यांच्यातले तीन-चार वेगळे घ्या. दोघा-तिघांना बघून दुरुस्ती करायची आणि मग पुढच्यांना बसवायचं, हे मला जास्त पटतं.

ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शनात जन्मतारखेला कॅलेंडर न देता दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने सुचवले आहेत. मीही तसंच केलं. त्या ताईंना पुन्हा बसवलं, त्यांनी तारीख पटकन भरली. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी महिन्याच्या रकान्यात 'जून' असं लिहिलं आणि फॉर्मनं ते नाकारलं, कारण मी तिथं फक्त आकडे चालतील असं ठरवून ठेवलं होतं. आता तिथं 'जून'सुद्धा चालतो.