अद्भुताचे नियम

ज्या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो, त्याचे नावच एका अद्भुतकथेवरून पडले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत ‘कादंबरी’त बोलका पोपट कथा सांगतो, नायिका गंधर्वकन्या आहे, आणि सारे कथानक शाप व पुनर्जन्म यांवर उभे आहे. असे असता ‘अद्भुत’ म्हटले की आपण नाक का मुरडतो?

त्याला कारण आहे. १८६१ मध्ये ‘मुक्तामाला’ व १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. त्या धर्तीच्या कादंबऱ्यांतून योगायोगांना सुमार राहिला नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक वास्तवाला कादंबरीत मानाचे स्थान दिले, ते योग्यच झाले. पण अद्भुत म्हणजे पळवाट, हे समीकरणही रूढ झाले. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली, अशा आमच्यासारख्यांनी तर आपल्या गावचे दुःखच लिहावे, अशी अपेक्षा असते. ते लिहावेच, पण गावाने मला दुष्काळाबरोबर वेताळही दिला आहे. कादंबरी लिहू इच्छिणारी विद्यार्थिनी म्हणून त्याच्याकडून काय शिकावे, ते येथे मांडते.

पहिली गोष्ट नियमाची. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळकथा गुंफल्या. त्यांतील राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. स्मशानातील झाडावरचे प्रेत त्याने खांद्यावरून न्यायचे आहे. प्रेतातला वेताळ वाटेत कथा सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटेल. बोलला तर प्रेत परत झाडावर. प्रेत बोलते, एवढे अशक्य आपण एकदा मान्य केले की पुढचे सारे या नियमाने चालते. म्हणूनच आपला विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट किमतीची. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये वस्तूचे खरे नाव जाणणाऱ्याची तिच्यावर सत्ता चालते. गेड हा शेळ्या राखणारा पोरगा विद्येच्या घमेंडीत एक काळी छाया मोकळी सोडतो आणि तिची किंमत त्यालाच मोजावी लागते. जेथे मंत्र फुकट मिळतो, तेथे कथा संपते.

तिसरी गोष्ट मेहनतीची. टोल्किन यांनी १९३९ च्या एका व्याख्यानात परीकथांचा विचार मांडला. हिरवा सूर्य म्हणणे सोपे. तो खरा वाटेल असे जग रचणे कष्टाचे, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ वाचाव्यात. देश-काळ अनोळखी, पण माणसाचे नियतीशी झुंजणे मात्र ओळखीचे वाटते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कागदावर तीन प्रश्न लिहावेत: यात अशक्य काय आहे? त्याचा नियम कोणता? आणि किंमत कोण मोजतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण आपोआप माणसांत परततो. मग ती पळवाट कशी?

वेताळाचे प्रश्नही अखेर न्याय-अन्यायाचेच असतात. उत्तर ठाऊक असून गप्प बसणाऱ्याला तो क्षमा करीत नाही. वास्तववादी लेखकाकडून तरी आपण याहून वेगळे काय मागतो?