स्टीअरिंगची खडखड : आधी दोष शोधा, मग खर्च करा

पावसाळा सरून धानाची कापणी लागते तेव्हा गोंदिया जिल्ह्यातले कारमालक मिस्त्रीकडे एक तक्रार हमखास घेऊन येतात : "स्टीअरिंगमधून खडखड येते." चिचगड, केशोरी, दरेकसा या बाजूंचे आतले रस्ते, शेताच्या पांदणी, नाल्यांवरचे रपटे यांचा सगळा मार समोरच्या चाकांवर बसतो आणि तिथून तो हातातल्या स्टीअरिंगपर्यंत पोचतो. तक्रार खरी असते. तिच्यावर सुचवलेला उपाय मात्र पुष्कळदा चुकीचा आणि महाग असतो. "कॉलम गेला, पूर्ण बदलावा लागेल" हे ऐकून आणि तीस हजारांचा अंदाज डोक्यात घेऊन घरी परतलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

स्टीअरिंगमध्ये ऐकू येणारा आवाज अनेकदा स्टीअरिंग कॉलमचा नसतोच. कॉलम म्हणजे हातातल्या स्टीअरिंगपासून डॅशबोर्डखाली उतरणारा दांडा आणि त्याचे आवरण. तो खाली एका आखूड इंटरमीडिएट शाफ्टला जोडलेला असतो, तो शाफ्ट रॅकला, रॅक टाय रॉडला आणि टाय रॉड चाकाला. हे सगळे लोखंड एकमेकांना जोडलेले असल्याने चाकाजवळ झालेली ठकठक सरळ वर चढते आणि ती पेडलच्या मागेच झाली असे वाटते. म्हणून नुसत्या कानावर विसंबू नका, हात लावून बघा. कुठला जोड हलतो हे बोटांना कळेपर्यंत एकही भाग बदलायला होकार देऊ नका.

घरच्या अंगणात करायची तपासणी

सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, एसी आणि गाणी बंद ठेवा. सर्वांत आधी किल्ल्यांचा जुडगा बघा. घर, दुकान, गोदाम सगळ्यांच्या किल्ल्या एकाच कडीत अडकवून ती इग्निशनला लटकवली की प्रत्येक खड्ड्यात ती कॉलमच्या प्लास्टिकवर आपटते. गाडीची किल्ली तेवढी ठेवून एक फेरी मारा. यानेच खडखड थांबली तर एक रुपयाही लागणार नाही.

आवाज तरी येत असेल तर कॉलमच्या वरचे-खालचे प्लास्टिक कव्हर तळव्याने दाबून धरा आणि शेजारच्याला स्टीअरिंगच्या मागून थाप मारायला सांगा. म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक किंवा मोठा हॉर्न बाहेरून बसवून घेतलेल्या गाड्यांत हे कव्हर एकदा उघडलेले असते. दोन स्क्रू परत लागलेलेच नसतात किंवा वायरचा गुंता आत मोकळा लोंबत असतो. स्टीअरिंग वर-खाली करण्याची कळ असेल तर ती पूर्ण बसली आहे का, तेही बघा.

आता स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. ते फिरवायचे नाही, फक्त ओढून बघायचे. त्यात ढिलाई जाणवली तर कॉलमचे बोल्ट किंवा वरची बेअरिंग सैल आहे. ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही.

पुढची चाचणी दोघांची आहे. इंजिन बंद, किल्ली 'ऑन'वर. एकाने स्टीअरिंग दोन बोटे डावीकडे, दोन बोटे उजवीकडे असे भरभर हलवायचे. दुसऱ्याने पेडलच्या वर वाकून इंटरमीडिएट शाफ्टच्या जोडावर हात ठेवायचा. या जोडाला आपल्याकडचे मिस्त्री क्रॉस म्हणतात. तिथेच टचका बसत असेल तर दोष तिथेच. हाताला काही लागत नसेल आणि आवाज पुढून, बोनेटखालून येत असेल तर संशय रॅकवर किंवा टाय रॉडवर घ्यायचा.

शेवटची चाचणी मिस्त्रीच्या समोर उभे राहून करून घ्या. समोरचे चाक जॅकवर उचलून डावी-उजवी कड धरून हलवले आणि त्यात प्ले म्हणजे ढिलाई असली तर टाय रॉड एंड किंवा रॅक तपासायचा. वरची-खालची कड धरून हलवल्यावर प्ले दिसला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच.

रस्त्यावरची लक्षणेही दिशा दाखवतात. स्टीअरिंग सरळ असताना फक्त खड्ड्यात ठकठक होत असेल तर लिंक रॉड, शॉकअपचे माउंटिंग किंवा लोअर आर्मचे बुश आधी बघावे. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना खट्ट होत असेल तर क्रॉस, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या मोटरचे रबर किंवा शॉकअपच्या माउंटिंगची बेअरिंग. पूर्ण वळणावर चालत्या गाडीत टकटक येते ती ड्राइव्ह शाफ्टची, तिचा स्टीअरिंगशी संबंध नाही. कोहमारा ते देवरी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क तपासा. बोलेरोसारख्या हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाडीत वळवताना घुरघुर येत असेल तर प्रथम ऑइलची पातळी बघायची.

किती पैसे लागतात

खालचे आकडे लहान हॅचबॅक आणि सेडान गाड्यांसाठी ढोबळ आहेत. एसयूव्हीला दीडपट ते दुप्पट धरून चाला. अधिकृत वर्कशॉप आणि रस्त्यावरचे गॅरेज यांच्या मजुरीत मोठा फरक असतो.

कॉलमचे कव्हर उघडून स्क्रू, क्लिप बसवणे आणि वायर बांधणे याला दोनशे ते पाचशे रुपये पुरतात. लिंक रॉडची जोडी आठशे ते दोन हजार, टाय रॉड एंडची जोडी साधारण तेवढ्यातच. आतला रॅक एंड एका बाजूला पाचशे ते हजार. टाय रॉड किंवा रॅक एंड बदलल्यावर अलाइनमेंट करावेच लागते. त्याचे तीनशे ते सहाशे रुपये आधीच हिशेबात धरा, कारण ते वाचवले तर कित्येक पट किमतीचा टायर एका बाजूने झिजतो. शॉकअपच्या माउंटिंगला एका बाजूस पाचशे ते दीड हजार. लोअर आर्म बुशसह पूर्ण बदलला तर हजार ते अडीच हजार. क्रॉस गेलेला इंटरमीडिएट शाफ्ट नवा घेतला तर दीड ते चार हजार, वर मजुरी पाचशे ते हजार.

रॅकमध्येच ढिलाई असेल तर खर्च वाढू लागतो. अनेक रॅकना बारीक ढिलाई काढण्यासाठी ॲडजस्टिंग नट असतो. तो थोडा कसला की आवाज थांबतो, मजुरी पाचशेच्या आसपास. पण जास्त कसला तर वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. हे काम झाल्यावर गाडी स्वतः चालवून बघा आणि वळणावर हात सैल सोडून स्टीअरिंग परत येते का ते तपासा. बुश बदलून रॅक दुरुस्त करून घ्यायला तीन ते सात हजार, नवा रॅक सहा ते पंधरा हजार.

सर्वांत महाग भाग म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा पूर्ण कॉलम. मोटर आणि कंट्रोल युनिटसह नवा घेतला तर वीस ते पंचेचाळीस हजार. आणि गाडीमालक फसतो तो नेमका इथे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत मोटर कॉलमवरच बसवलेली असते. मोटर आणि आतल्या वर्म गिअरच्या मध्ये रबराचे एक छोटे कपलिंग असते. ते झिजून तुटले की उभ्या गाडीत स्टीअरिंग हलवताना कटकट येते. ह्युंदाई आणि किया गाड्यांच्या काही मॉडेलमध्ये हा दोष जगभर ओळखीचा आहे. बाजारात हे रबर काही शे रुपयांना मिळते. कॉलम उतरवून ते बदलण्याची मजुरी दीड ते तीन हजार. म्हणजे पाच हजारांच्या आत मिटणाऱ्या कामासाठी तीस हजारांचा कॉलम विकला जाऊ शकतो. मिस्त्रीला सरळ विचारा : "मोटरचे कपलिंग उघडून पाहिले का?" उत्तर नाही असेल तर ते उघडून बघायला लावा.

डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागला नसेल तर नुसत्या खडखडीसाठी स्कॅनिंगचे पैसे देऊ नका. लोखंडाची किंवा रबराची झीज स्कॅनरला दिसत नाही. दिवा लागून स्टीअरिंग जड झाले असेल तर मात्र स्कॅनिंग हवेच.

कॉलम उतरवण्याच्या कामात तीन गोष्टींचा आग्रह धरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावायचा नाही. शाफ्ट काढण्याआधी त्यावर खूण करायची, म्हणजे स्टीअरिंग परत सरळ बसते. आणि स्टीअरिंग बांधून ठेवायचे. ते मोकळे गरगर फिरले तर आतली क्लॉक स्प्रिंग तुटते आणि हॉर्न, एअरबॅग दोन्ही बंद पडतात. ती स्प्रिंग आणखी दीड ते सहा हजारांची.

चिखल आणि रॅकचे बूट

आपल्या जिल्ह्यात रॅकच्या बुटांची काळजी जास्तच घ्यायला हवी. रॅकच्या दोन्ही टोकांना रबराचे घडीदार बूट असतात. रोवणीच्या दिवसांत रस्ता बांध्यांतल्या चिखलाने माखलेला असतो, रपट्यावरून पाणी वाहत असते. बूट फाटलेला असेल तर पाणी आणि बारीक गाळ आत जातो, ग्रीस धुतले जाते आणि रॅक गंजतो. बूट दीडशे ते चारशे रुपयांचा, रॅक हजारोंचा. जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास दोन्ही बूट बोटाने चाचपून बघा. तडा दिसताच बदला.

आधी चेसिस क्रमांक तपासा

खिशातून पैसे देण्याआधी कंपनीने गाडी परत बोलावली आहे का ते बघा. मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टीअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. या गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० गाड्या स्टीअरिंग गिअरबॉक्ससाठी बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत त्या चालवू नका, असेही मालकांना सांगितले. अशी दुरुस्ती मोफत असते. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकला की कळते. जुनी गाडी घेतली असेल तर कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असण्याची शक्यता आहे, म्हणून हे स्वतःच तपासा. वॉरंटीची तारीखही बघा. मारुतीने जुलै २०२४ पासून विकलेल्या गाड्यांना ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी दिली आहे.

विम्याचा विचार शांतपणे करा. झीज विम्यात बसत नाही. खड्ड्यात आपटून एखादा भाग वाकला तर सर्वंकष पॉलिसीतून दावा होऊ शकतो. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले, रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा आणि पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनसही जातो. तीन-चार हजारांच्या कामासाठी दावा करण्यात शहाणपणा नाही.

बिल, जुने भाग आणि तक्रार

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. आठ हजारांचा भाग पूर्वी १०,२४० ला पडायचा, तो आता ९,४४० ला पडायला हवा. बिलात दर तपासा. छापील एमआरपीत कर धरलेला असतो. त्यावर पुन्हा कर लावला असेल तर पैसे देऊ नका.

काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज घ्या, बदललेले जुने भाग परत मागा आणि बिलावर भागाचा क्रमांक लिहून घ्या. गोंदियात भाग मिळत नसेल तर तो नागपूरहून मागवावा लागतो. तेव्हा आगाऊ रक्कम देताना किती दिवसांत येईल ते लिहून घ्या. आणि मिस्त्रीला गाडी गॅरेजच्या फरशीवर ऐकवू नका. त्याला शेजारी बसवून खराब रस्त्यावर न्या. जो मिस्त्री स्वतःहून फेरी मारायला निघतो आणि चाक उचलून प्ले दाखवतो, त्याला दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या.

स्टीअरिंग वर-खाली हलत असेल, हात फिरवूनही चाक उशिरा वळत असेल, टाय रॉडमध्ये डोळ्यांना दिसेल इतका प्ले असेल किंवा स्टीअरिंग मध्येच अडकत असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा किंवा टोइंग करा. टाय रॉड, शाफ्ट, कॉलम यांना वेल्डिंग करून देतो असे कोणी म्हणाले तर तिथून गाडी काढून घ्या. स्टीअरिंगच्या भागाला वेल्डिंग ही दुरुस्ती नाही, जीवाशी खेळ आहे.

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल नाकारले, न बदललेल्या भागाचे पैसे लावले किंवा आवाज तसाच ठेवून गाडी परत दिली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे भागले नाही तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही.